धुराड्याचा पाइप किती इंची?

दिवाळी झाली की आमच्या वॉर्डात खोकला आणि धाप लागणाऱ्या रुग्णांची गर्दी वाढते. त्यातल्या स्त्रियांना मी एक प्रश्न हमखास विचारते, ‘घरी स्वयंपाक कशावर करता?’ गेल्या हिवाळ्यात पंचावन्न वर्षांच्या एका मावशींनी लगेच उत्तर दिले, ‘गॅस आहे की मॅडम, चार वर्षं झाली.’ त्यांची ती वर्षभरातली तिसरी भरती होती. बिडी कधी ओढलेली नाही, मिश्रीसुद्धा लावत नाहीत. तरी फुंकून करायच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, फुप्फुसांची अवस्था तीस वर्षे बिडी ओढणाऱ्या माणसासारखी.

‘मग चूल बंद केली का?’

‘बंद कशी करणार? अंघोळीचं पाणी, भाकऱ्या, म्हशीचं आंबोण. पण आता धूर नाही होत. पोरानं पाइप बसवलाय.’

मुलगा शेजारीच उभा होता. त्याने मोबाइलवर चुलीचा फोटो दाखवला. मातीची चूल, शेजारी वैल, वैलाच्या मागून निघालेला २ इंची लोखंडी पाइप. विहिरीवरच्या मोटारीचा उरलेला तुकडा होता तो. दोन ठिकाणी काटकोनात वळून तो भिंतीतून बाहेर गेला होता आणि वळचणीखालीच संपला होता. मी फोटो मोठा करून पाहिला. पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथे जेमतेम काजळी होती. चुलीवरची भिंत आणि पत्रे मात्र काळेकुट्ट. धूर कुठून जात होता, हे त्या भिंतीनेच सांगितले.

मुलाची कळकळ खरी होती आणि त्याने हाताशी होते त्यातून जमेल ते केले होते. चूक फक्त मापाची होती. औषध बरोबर पण डोस चुकलेला, असा हा प्रकार. आणि ही चूक त्याच्या एकट्याच्या घरातली नाही. चूल आता इतिहासजमा होणार, असे आपण दहा वर्षांपूर्वी गृहीत धरले आणि तेव्हापासून धुराड्याच्या पाइपचा विचार करणे कुणाचेच काम उरले नाही.

चूल गेलेली नाही

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियामध्ये सुरू झाली. आठ कोटी जोडण्यांचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये पार पडला आणि ती आठ कोटीवी जोडणी आपल्याकडे, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका भगिनीच्या हाती दिली गेली. आज देशात उज्ज्वलाच्या जोडण्या दहा कोटींच्या वर आहेत. स्त्रियांच्या आरोग्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही.

पण जोडणी आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उज्ज्वलाचे कुटुंब वर्षाला सरासरी चार-साडेचार सिलिंडर घेते. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर आठ-नऊ तरी लागतात, आणि त्यात अंघोळीचे पाणी धरलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर ५० रुपयांनी महागला, उज्ज्वलाच्या घरांनाही. केंद्राने २०२५-२६ साठी नऊ सिलिंडरपर्यंत प्रत्येकी ३०० रुपयांचे अनुदान ठेवले होते. राज्याने २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेतून पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरवले. ही मदत हवीच. तरीही ज्या घराच्या मागे शेत आहे आणि बांधावर सरपण फुकट मिळते, त्या घरात पाण्याचे भांडे गॅसवर चढत नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम ४३ टक्के घरे मुख्यतः स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. शिवाय तिथे प्रश्न मुख्य इंधनाचा होता. गॅसच्या जोडीला चूल पेटते का, हा वेगळाच प्रश्न आहे.

म्हणजे पुढची काही वर्षे तरी लाखो घरांत गॅस आणि चूल शेजारी शेजारी राहणार. गॅस वाढवण्याचे प्रयत्न चालू राहिलेच पाहिजेत. पण तोवर जी चूल रोज पेटते आहे, तिचा धूर नीट बाहेर जातो का, हे बघायला काय हरकत आहे?

धूर वर का जातो?

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे वेगळे सांगायला नको. बंबाच्या मधल्या नळीत जाळ चांगला धरला की आतून घुं घुं आवाज यायचा आणि खालून हवा आपोआप ओढली जायची. तो आवाज म्हणजे धुराड्याची ओढ. गरम धूर बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो, म्हणून तो नळीतून वर चढतो आणि त्याच्या जागी खालून नवी हवा येते. धूर जितका गरम आणि नळी जितकी उंच, तितकी ओढ जास्त.

पण ही ओढ किती नाजूक असते याची आपल्याला कल्पना नसते. १० फूट उंचीचे धुराडे घ्या. आतल्या धुराचे सरासरी तापमान १५० अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा २७ अंश धरा. हिशेब केला तर ओढ येते सुमारे १० पास्कल. नळीत पाणी भरले तर ते जेमतेम १ मिलिमीटर वर उचलेल एवढीच ही ताकद. सगळ्या धुराला एवढ्याशा बळावर बाहेर पडायचे असते. वाटेत पाइप अरुंद असेल, वळणे असतील, काजळी साचली असेल, तर हे बळ तिथेच खर्च होते आणि उरलेला धूर मागे फिरून चुलीच्या तोंडातून स्वयंपाकघरात येतो.

व्यासाचा हिशेब

आता त्या २ इंची पाइपकडे येऊ. घरातल्या चुलीत तासाला साधारण दीड किलो लाकूड जळते असे धरू. एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळायला साडेचार-पाच घनमीटर हवा पुरते, पण चुलीचे तोंड उघडे असल्याने प्रत्यक्षात तिच्या तिप्पट हवा आत शिरते. गरम झाल्यावर ती फुगते. म्हणजे तासाला तीस घनमीटरच्या आसपास धूर आणि गरम हवा त्या पाइपमधून जायला हवी.

४ इंची पाइपमध्ये त्यासाठी धुराचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर पुरतो. ३ इंचीमध्ये २ मीटर लागतो. २ इंचीमध्ये साडेचार मीटरच्या आसपास. वेग वाढला की घर्षण त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते, शिवाय अरुंद नळीत धुराचा अधिक भाग भिंतीला घासून जातो. दोन्ही मिळून नियम असा की, तेवढाच धूर न्यायचा असेल आणि पाइपचा व्यास निम्मा केला, तर अडथळा सुमारे ३२ पट होतो.

हेच आकडे १० फुटी आणि दोन वळणांच्या पाइपला लावून पाहू. ४ इंचीला सुमारे २ पास्कल ओढ लागते, ३ इंचीला ७ आणि २ इंचीला ४० च्या आसपास. उपलब्ध आहेत फक्त १०. हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक चुलीगणिक आकडे थोडे बदलतील. पण निष्कर्ष बदलत नाही. घरगुती चुलीला ४ इंची पाइप ऐसपैस पुरतो, ३ इंची स्वच्छ असेपर्यंत कसाबसा चालतो, आणि २ इंचीतून सगळा धूर बाहेर जाणे शक्यच नाही. मावशींच्या घरी तर पाइप वळचणीखालीच संपत होता. म्हणजे उंचीही सहाच फूट, आणि ओढही त्याच प्रमाणात कमी.

३ इंची पाइप ‘कसाबसा’ का म्हणते, तेही सांगते. आत सगळीकडून अर्धा इंच काजळी साचली की त्याचा २ इंची होतो. धूर जायची जागा निम्म्याहून कमी उरते आणि अडथळा सातपटीहून जास्त वाढतो. ओली लाकडे जाळणाऱ्या घरात एवढी काजळी साचायला फार महिने लागत नाहीत.

हे गणित डॉक्टरांना नवे नाही. आपल्या श्वासनलिकाही नळ्याच आहेत. संथ वाहणाऱ्या हवेसाठी नळीचा व्यास निम्मा झाला की अडथळा १६ पट होतो, हे आम्ही एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शिकतो. वर्षानुवर्षे धूर आत गेला की बारीक श्वासनलिकांच्या भिंती सुजतात, जाड होतात, आतून अरुंद होतात. सीओपीडी म्हणतात तो हाच आजार. दुर्बिणीतून पाहिले तर चुलीपाशी आयुष्य गेलेल्या काही स्त्रियांच्या श्वासनलिकांना आतून काळे डाग पडलेले आणि त्या आक्रसलेल्या दिसतात. भिंतीवर बसते तीच काजळी तिथेही बसलेली असते.

मग ६ इंची का नको?

हा प्रश्न त्या मुलानेही विचारला. अरुंद पाइप वाईट तर सगळ्यात मोठाच घेऊ, असे वाटणे साहजिक आहे. पण लहान चुलीला फार रुंद पाइप लावला की धूर संथ चढतो, वाटेतच गार होतो आणि गार झाला की त्याची ओढ संपते. अशा पाइपमध्ये वरून गार हवाही खाली उतरते. गार झालेल्या धुरातली वाफ आणि तेलकट अंश पाइपच्या भिंतीवर डांबरासारखे चिकटतात. हा थर पुढे पेट घेऊ शकतो. परदेशात लाकडाच्या बंद शेगड्या वापरणाऱ्या घरांत लागणाऱ्या आगींचे हे एक नेहमीचे कारण आहे.

दुसरा त्रास सरपणाचा. मोठा आणि उंच पाइप जाळ मागे ओढून घेतो. तव्याखालची आच कमी होते, भाकरी लवकर भाजत नाही, लाकूड जास्त लागते. मग घरातली बाई पाइपचे भोक विटेने बुजवते. तिचे चुकत नाही, कारण सरपण तिलाच आणावे लागते. म्हणून पाइप चुलीच्या मापाचाच हवा. दोन भांड्यांच्या घरगुती चुलीला ४ इंच हे माप बसते. शाळेच्या पोषण आहाराची किंवा लग्नाच्या स्वयंपाकाची भट्टी वेगळी. तिथे लाकूड कितीतरी पट जळते, त्यामुळे पाइपही त्या हिशेबाने मोठा लागतो.

धुराड्याने आजार खरोखर कमी होतो का?

सर्वांत मोठा पुरावा चीनच्या युनान प्रांतातल्या श्वानवेई परगण्यातला आहे. तिथे घरात दगडी कोळसा उघड्यावर जाळायची पद्धत होती आणि फुप्फुसांच्या कर्करोगाचे प्रमाण अतिशय जास्त होते. अनेक घरांनी धुराडे असलेल्या शेगड्या बसवल्या. वीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या नोंदी तपासल्यावर दिसले की, धुराडे बसवलेल्या घरांत फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका जवळपास ४० ते ४५ टक्क्यांनी कमी झाला. सीओपीडीचा धोका पुरुषांत सुमारे ४० टक्क्यांनी आणि स्त्रियांत २५ टक्क्यांनी घटला. हा फरक स्पष्ट दिसायला दहाएक वर्षे लागली. आपल्याकडचे इंधन लाकूड आणि गोवऱ्या, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण धूर घराबाहेर काढण्याला किंमत आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात ५३४ कुटुंबांवर झालेला प्रयोग २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांना धुराडे असलेली पक्की चूल दिली होती. बाळांच्या वाट्याला येणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला. न्यूमोनिया एकूणात कमी झाला असे मात्र खात्रीने म्हणता आले नाही. रक्तातला ऑक्सिजन घटवणारा गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मा होत नाही, हे त्यातून कळले. धूर फार असतो तेव्हा तो थोडा कमी करून फायदा थोडाच होतो. खरा फायदा धूर बराच खाली आणल्यावर मिळतो. म्हणूनच अर्धवट चालणाऱ्या धुराड्यावर मला समाधान मानवत नाही.

तिसरा अभ्यास आपल्या ओडिशातला. नंतर नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २६०० कुटुंबांत धुराड्याच्या सुधारित चुली दिल्यानंतर चार वर्षे पाहणी केली. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फायदा नाहीसा झाला. आरोग्यात फरक दिसला नाही. चुलींची डागडुजी झाली नाही, पाइप साफ झाले नाहीत आणि चुलींचा वापर घटत गेला.

या तिन्ही अभ्यासांत मला विरोध दिसत नाही. धुराडे नीट चालले, वर्षानुवर्षे चालले, तर आजार कमी होतो. नुसते बसवून दिले आणि विसरून गेलो, तर होत नाही.

गॅसची जागा धुराडे घेऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. चांगल्या धुराड्याच्या चुलीपाशीही हवेतल्या सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरमागे अनेकदा शेकड्यातच असते. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक सरासरीची मर्यादा आहे ५ मायक्रोग्रॅम, आपल्या देशाची ४०. शिवाय बाहेर गेलेला धूर गावातच राहतो, शेजारणीच्या खिडकीतून आत येतो. देशाच्या हवेतल्या सूक्ष्म कणांचा साधारण एक चतुर्थांश वाटा घरातल्या चुलींचा असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे पाइप हा गॅसपर्यंतच्या वाटेवरचा आधार आहे, मुक्काम नव्हे.

मोजले काय जाते?

आपल्याकडे सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्राने तो थांबवला. तोवर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली होती. किती चुली बसल्या याचा आकडा दरवर्षी वर जात राहिला. दोन वर्षांनंतर त्यातल्या किती चुलींचा धूर पाइपमधून जात होता, हे विचारणे मात्र क्वचितच झाले. नंतर गॅस आला आणि जोडण्यांचा आकडा मोजला जाऊ लागला. मोजण्याची वस्तू बदलली, सवय तीच राहिली.

याचा परिणाम नव्या घरांतही दिसतो. ग्रामीण घरकुलासाठी किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरलेले आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी जागा धरली आहे. कागदावर ते योग्यच आहे. पण मी पाहिलेल्या घरकुलांत स्लॅब भरताना धुराड्यासाठी भोक ठेवलेले नव्हते, कारण गॅस येणार हे गृहीत होते. जुन्या कौलारू घरात धूर निदान कौलांच्या फटींतून जायचा. स्लॅबच्या बंद खोलीत चूल पेटली तर त्याला तीही वाट नाही. मग स्लॅब फोडायला नको म्हणून पाइप आडवा भिंतीतून काढला जातो. आडव्या पाइपला ओढ नसते, अडथळा मात्र पूर्ण असतो. स्लॅब भरताना ६ इंची पाइपचा एक तुकडा उभा ठेवून दिला, तर पुढे ४ इंची धुराडे त्यातून सरळ वर जाईल. खर्च नगण्य. गॅसवरच भागले तर वरून झाकण लावून टाकता येईल.

दुसरी गोष्ट आमच्याच खात्याची. तिशीपुढच्या प्रत्येकाची माहिती आशाताई घरोघरी जाऊन एका तक्त्यात भरतात. स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, हा प्रश्न त्यात आहेच. त्याच्यापुढे आणखी दोन रकाने वाढवावेत. धुराडे आहे का, आणि चूल पेटल्यावर धूर खोलीत येतो का. ज्या घरातून ‘येतो’ असे उत्तर येईल, तिथे ग्रामपंचायतीने पाइप बदलून द्यावा. सीओपीडीच्या एका भरतीवर सरकारी रुग्णालयाचा जो खर्च होतो, त्यात असे अनेक पाइप बसतील.

घरी काय पाहावे?

पाइप आतून ४ इंची असावा आणि खालपासून वरपर्यंत एकाच मापाचा. मध्ये रिड्यूसर लावून तो लहान करू नये. सगळ्यात अरुंद जागा ठरवते ती सगळ्या पाइपची क्षमता.

उंची १० फुटांच्या आसपास तरी हवी. पाइप छपरातून बाहेर पडतो तिथून निदान ३ फूट वर न्यावा आणि १० फुटांच्या अंतरात जे काही उंच असेल, मग ते आढे असो की शेजारची भिंत, त्याहून २ फूट वर. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांतले हे माप आपल्या कौलांना आणि पत्र्यांनाही चालते. वळचणीखाली संपणारा पाइप वारा आला की धूर घरातच परत पाठवतो.

वळणे शक्यतो नकोत. घ्यावेच लागले तर काटकोनाऐवजी तिरके घ्यावे. टोपी आणि पाइपचे तोंड यांत पाइपच्या व्यासाएवढे अंतर ठेवावे, नाहीतर टोपीच बूच होते.

पीव्हीसीचा पाइप कधीही वापरू नये. तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि पेटला तर विषारी वायू सोडतो. चुलीलगतचा पहिला दीड-दोन फूट साधे लोखंड किंवा भाजलेल्या मातीचा असावा, वर पत्र्याचा चालतो. जुने सिमेंटचे पाइप अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते करवतीने कापू नयेत, त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते. उघडा लोखंडी पाइप लाकडी वाशांपासून आणि गवती छपरापासून दीड फूट लांब ठेवावा.

काजळी झाडायला तळाशी एक झाकण ठेवावे. चूल रोज पेटत असेल तर महिन्यातून एकदा, पाइप गार असताना, नाकाला फडके बांधून दोरीला गोणपाटाचा बोळा बांधावा आणि वरून खाली ओढावा. सरपण वाळलेलेच वापरावे. पावसाळ्यासाठी ते मे महिन्यातच छपराखाली रचून ठेवावे.

पाइप चालतो का, हे तपासायला एक उदबत्ती पुरते. चूल पेटलेली असताना ती चुलीच्या तोंडाच्या वरच्या कडेशी धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर फिरला तर पाइप तुंबलेला, अरुंद किंवा आखूड आहे. चूल पेटवतानाच धूर मागे येत असेल तर पाइप गार असतो. तळाच्या झाकणातून आधी थोडा कागद पेटवून पाइप गरम करून घ्यावा. बंद स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर तो धुराड्याच्या नाजूक ओढीवर मात करून धूर उलटा खेचू शकतो. अशा वेळी खिडकी उघडी हवीच.

शेवटची सूचना जिवाची आहे. निखारे असताना पाइपचे भोक बुजवून, दारे-खिडक्या लावून झोपू नये. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगलाच दाखवते, त्यावर विसंबू नये. थंडीच्या दिवसांत सकाळी घरातल्या सगळ्यांचेच डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर आधी मोकळ्या हवेत या आणि मग रुग्णालयात.

पुढे काय झाले?

मावशी पावसाळ्याआधी फेरतपासणीला आल्या. मुलाने गावातल्या पत्र्याची कामे करणाऱ्याकडून ४ इंची पाइप करून घेतला होता आणि तो सरळ छपरातून वर नेला होता. ‘आता डोळे नाही चुरचुरत,’ त्या म्हणाल्या. मधल्या महिन्यांत पुन्हा भरती व्हावे लागले नव्हते. स्पायरोमेट्रीतले आकडे मात्र जवळपास तेच होते. सीओपीडीत गेलेली फुप्फुसाची ताकद परत येत नाही, हे मी त्यांना पहिल्या दिवशीच सांगितले होते. पुढची झीज सावकाश व्हावी, एवढेच आपल्या हाती असते. इनहेलर चालू ठेवायला सांगितले, भाकऱ्याही गॅसवर करता येतील का ते विचारले.

सोबत सून आली होती, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. आता चुलीपाशी कोण बसते, असे विचारले तर मावशींनी तिच्याकडे बोट दाखवले. तिची फुप्फुसे अजून चांगली आहेत. पाइप बदलल्याचा खरा फायदा त्या दोघींना होणार आहे. आमच्या वॉर्डातल्या नोंदवहीत तो कधीच दिसणार नाही, कारण त्या तिथे येणारच नाहीत.